चित्रफितीचे संकलन : नवशिक्यांनी सोपे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

चित्रीकरणाचे साधन आज खेडोपाडी पोहोचले आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या परिसरात चित्रण करू शकणारा मोबाइल नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. शाळेचे स्नेहसंमेलन, गावची यात्रा, ग्रामसभेतील चर्चा, पुराच्या पाण्याखाली गेलेला पूल हे सारे टिपले जाते. मात्र टिपलेल्या चित्रणापैकी पाहण्याजोगे फारच थोडे तयार होते. चाळीस मिनिटांचे अखंड चित्रण पाहण्याचा धीर कोणालाही नसतो. ते मोबाइलमध्ये पडून राहते आणि यंत्रातील जागा भरली की पुसून टाकले जाते. एखाद्या वृद्ध कारागिराने हातांनी दाखविलेली रीत, एखाद्या आजीने सांगितलेली ओवीची चाल अशा प्रकारे एकदा टिपली जाऊनही कायमची नाहीशी होते.

या हानीचे मुख्य कारण संकलनाविषयीचे अज्ञान हे आहे. संकलन म्हणजे काटछाट करून आणि क्रम लावून चित्रणाला अर्थ देणे. अलीकडे अनेक शिक्षक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी व महिला बचत गट हे काम शिकू इच्छितात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : सर्वांत सोपे सॉफ्टवेअर कोणते? या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येत नाही. जे एकाच्या यंत्रावर सुरळीत चालते ते दुसऱ्याच्या यंत्रावर अडते, आणि जे आज विनामूल्य मिळते ते उद्या बंद पडते. म्हणून नावापेक्षा निवडीच्या कसोट्या समजून घेणे अधिक हिताचे. त्या कसोट्यांचा विचार सीमाभागाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून येथे केला आहे.

संकलनाची परंपरा

संकलनाची कला या भागाला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित केला. त्यापूर्वी १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ नियमित अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. अनेक दिवसांत घडणारी वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. त्या काळी सरस्वतीबाई फाळके घरीच कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत आणि फिल्म धुण्याच्या कामातही हातभार लावीत. निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी बनावटीच्या कॅमेऱ्यावर चित्रपट निर्माण केले. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आणि सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा ‘सावकारी पाश’ १९२५ साली पडद्यावर आला. खुद्द निपाणीतही तंबाखू कामगार स्त्रियांच्या जीवनावर व त्यांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपटसमूहाने १९८२ साली सुमारे २५ मिनिटांचा लघुपट तयार केला.

खेड्यांसाठी चित्रफितींचा शैक्षणिक वापरही जुनाच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. कर्नाटकातील काही जिल्ह्यांचाही त्यांत समावेश होता. त्या वेळी कार्यक्रम दूरच्या स्टुडिओत तयार होत आणि गाव प्रेक्षक असे. आज गाव स्वतः निर्माता होऊ शकते. त्यासाठी संकलनाचे एक साधन आणि ते वापरण्याची शिस्त, एवढ्याच दोन गोष्टी हव्यात.

प्रथम काम ठरवावे

साधन निवडण्यापूर्वी काम निश्चित करावे. हे एका उदाहरणाने पाहू. समजा, निपाणी परिसरातील एका शाळेने कोल्हापुरी चपलेच्या कारागिरीवर पाच मिनिटांची चित्रफीत करण्याचे ठरविले. हा विषय या भागाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजयपूर अशा आठ जिल्ह्यांचे सामाईक आहे. निपाणी व अथणी येथे ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या बनते. कापशी हा तिचा नामांकित प्रकार निपाणीजवळच्याच कापशी गावाच्या नावाने ओळखला जातो. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने या चपलेशी साम्य असलेली पादत्राणे सादर केली, तेव्हा तिच्या मूळ कारागिरांची चर्चा जगभर झाली. आपली रीत आपल्याच शब्दांत व चित्रांत नोंदविलेली असणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रसंगाने दिसून आले.

अशा चित्रफितीत काय काय येईल, याची यादी आधी कागदावर करावी : बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे, तळाचे माप व कापणी, थर जोडणे, कान व पट्टा बसविणे, वेणी घालणे, चामड्याच्याच वादीने शिवणे आणि शेवटी कारागिराचे चार शब्द. ही यादी पाहिली की संकलनाच्या साधनाकडून प्रत्यक्षात किती थोड्या गोष्टी अपेक्षित आहेत हे ध्यानात येते. चित्रणाचा नको तो भाग कापता यावा, तुकडे पुढेमागे सरकविता यावेत, चित्रावर निवेदन चढविता यावे, आवाज कमी-अधिक करता यावा, अक्षरे लिहिता यावीत आणि तयार चित्रफीत फाइलच्या रूपात बाहेर काढता यावी. या सहा क्रिया ज्यात विनासायास होतात ते सॉफ्टवेअर नवशिक्यासाठी सोपे समजावे. शेकडो आकर्षक परिणाम, उडती अक्षरे आणि चमकणाऱ्या चौकटी यांमुळे साधन सोपे होत नाही. उलट नवशिक्याचे लक्ष विषयावरून उडते.

निवडीच्या पाच कसोट्या

पहिली कसोटी यंत्राची. आपल्याजवळ जे यंत्र आहे त्यावरच सॉफ्टवेअर चालले पाहिजे. चित्रण सेकंदाला १६ मेगाबिट दराने होत असेल तर एका मिनिटाला १२० मेगाबाइट जागा लागते. चपलेच्या चित्रफितीसाठी चाळीस मिनिटांचे चित्रण केले तर सुमारे ४.८ गिगाबाइट जागा मूळ चित्रणालाच हवी. काम करताना तेवढीच आणखी जागा मोकळी असावी. संगणकाच्या बाबतीत शॉटकट या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी दिलेले प्रमाण उपयोगी पडते : साध्या दर्जाच्या चित्रणास ४, एचडी चित्रणास ८ आणि फोर-के चित्रणास १६ गिगाबाइट रॅम. शाळेतील संगणक जुना असेल तर फोर-के चित्रण करूच नये. वर्गातील पडद्यासाठी एचडी चित्रण पुरेसे असते.

दुसरी कसोटी वीज व इंटरनेट यांची. काही सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालतात किंवा त्यांत प्रवेश करण्यासाठी इंटरनेट लागते. जेथे जोडणी वारंवार तुटते तेथे असे साधन कामाच्या ऐन मध्यावर अडते. एकदा यंत्रात उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालणारे साधन खेड्यात अधिक भरवशाचे. वीज गेली तर केलेले काम आपोआप जतन होते काय, हेही पाहावे. त्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. दोन तुकडे जोडून, काम जतन न करता सॉफ्टवेअर एकदम बंद पाडावे व पुन्हा उघडावे. केलेले काम परत मिळाले तर ते साधन विश्वासास पात्र मानावे.

तिसरी कसोटी लिपीची. सीमाभागात ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, परंतु निवडीच्या वेळी तिचाच बहुधा विसर पडतो. येथील चित्रफितीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतील अक्षरे यावी लागतात. काही साधनांत जोडाक्षरे फुटतात, वेलांटी चुकीच्या जागी पडते, रफार निसटतो. म्हणून निवडीपूर्वी अक्षरांच्या चौकटीत ‘ज्ञानेश्वर’, ‘वैशिष्ट्य’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘कर्तृत्व’ हे शब्द लिहून पाहावेत. कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून आपल्या गावाचे नाव आणि ओत्तक्षरे असलेले दोन-तीन शब्द लिहवून घ्यावेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेला मजकूर तसाच चिकटविला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. दोन्ही लिप्यांसाठी विनामूल्य फॉन्ट उपलब्ध आहेत. ‘नोटो’ या मालिकेत देवनागरी व कन्नड दोन्ही आहेत. मुंबईच्या एकटाइप या संस्थेने घडविलेल्या ‘बलू’ या मालिकेतही दोन्ही लिप्यांची एकाच वळणाची अक्षरे मिळतात, त्यामुळे शीर्षके एकमेकांशी शोभून दिसतात. एखादे साधन इतर सर्व दृष्टींनी चांगले असून केवळ अक्षरे मोडत असेल, तर शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र चित्रफितीत बसवावे.

चौथी कसोटी मूल्याची. ‘विनामूल्य’ या शब्दाचे अनेक अर्थ असतात. काही सॉफ्टवेअर पूर्णतः मुक्त असतात. काहींच्या विनामूल्य आवृत्तीत चित्रफितीच्या कोपऱ्यात कंपनीचे नाव उमटते, त्यास वॉटरमार्क म्हणतात. काही ठिकाणी संकलन विनामूल्य असते, पण तयार चित्रफीत बाहेर काढताना पैसे मागितले जातात. पाच दिवस काम केल्यानंतर ही अट समजली तर मनस्ताप होतो. म्हणून प्रारंभीच दहा सेकंदांची चित्रफीत तयार करून, ती बाहेर काढून, दुसऱ्या मोबाइलवर चालवून पाहावी. दरमहा वर्गणीची साधने घेताना शाळेने विशेष विचार करावा. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबते आणि जुन्या कामात दुरुस्ती करता येत नाही.

पाचवी कसोटी टिकाऊपणाची. विंडोज मूव्ही मेकर हे सॉफ्टवेअर २००० सालापासून अनेक शाळांच्या संगणकांवर होते आणि कित्येक शिक्षकांनी संकलनाचे पहिले धडे त्यावरच गिरविले. जानेवारी २०१७ मध्ये ते अधिकृतरीत्या बंद झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतेच, परंतु व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे अ‍ॅपही होते. यावरून घ्यावयाचा बोध असा की साधन नाशवंत आहे असे समजूनच काम करावे. संकलनाची प्रकल्प-फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मूळ चित्रण आणि तयार चित्रफीत मात्र कोठेही चालतात. म्हणून या दोहोंच्या प्रती सॉफ्टवेअरच्या बाहेर, स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात.

उपलब्ध साधनांचा परिचय

ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे त्यांनी मोबाइलवरच प्रारंभ करावा. कायनमास्टर, इनशॉट यांसारख्या अ‍ॅपमध्ये बोटाने तुकडे ओढून क्रम लावता येतो. मात्र त्यांच्या विनामूल्य आवृत्तींच्या मर्यादा, विशेषतः वॉटरमार्क, आधी तपासून घ्याव्यात. यूट्यूबने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतासह काही निवडक देशांत ‘यूट्यूब क्रिएट’ हे विनामूल्य अ‍ॅप प्रायोगिक स्वरूपात आणले. पहिल्या चित्रफितीसाठी त्याचाही विचार करता येईल. अ‍ॅपल कंपनीचा मोबाइल किंवा संगणक असेल तर त्यासाठी आयमूव्ही विनामूल्य मिळते, व त्यातील मांडणी नवशिक्यास चटकन समजते.

मोबाइलचा पडदा लहान असल्याने पाच मिनिटांपेक्षा दीर्घ काम त्यावर कष्टाचे होते. तेथे संगणक बरा. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प हे सॉफ्टवेअर समाविष्ट असते. ते हाताळण्यास सोपे असून त्याच्या विनामूल्य आवृत्तीतून १०८० दर्जाची चित्रफीत वॉटरमार्कशिवाय निघते. मात्र त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते व इंटरनेटची जोडणी लागते. इंटरनेटची खात्री नसेल तेथे शॉटकट, ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह यांपैकी एक निवडावे. ही तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर असून विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतात. त्यांत वॉटरमार्क नसतो, वर्गणी नसते आणि एक प्रत आणली की ती शाळेतील सर्व संगणकांवर कायदेशीरपणे बसविता येते. ओपनशॉटची मांडणी तिघांत सर्वांत साधी आहे. शॉटकट व केडेनलाइव्ह यांत अधिक सोयी आहेत. संगणक मंद असेल तर ती मूळ चित्रणाची हलकी प्रत तयार करून तिच्यावर संकलन करू देतात. या प्रतीस प्रॉक्सी म्हणतात. अखेरची चित्रफीत मात्र मूळ चित्रणावरूनच निघते, त्यामुळे दर्जा घटत नाही.

डाविंची रिझॉल्व्ह हे व्यावसायिक दर्जाचे सॉफ्टवेअर असून त्याचीही विनामूल्य आवृत्ती आहे. चित्रपटाच्या रंगसंस्करणासाठी त्याची ख्याती आहे. परंतु त्यास १६ गिगाबाइट रॅम व चांगले ग्राफिक्स कार्ड हवे, आणि त्याचा पसाराही मोठा आहे. नवशिक्याने त्याच्या मोहात पडू नये. चार-सहा चित्रफिती स्वतः तयार केल्यानंतर गरज भासली तर तिकडे वळावे.

साधन पारखण्याची सोपी रीत

दोन सॉफ्टवेअरमध्ये निवड करावयाची असेल तर दोन्हींवर एकच लहानसा धडा करून पाहावा. त्यासाठी मोबाइल आडवा धरून एखाद्या परिचित कामाचे पाच तुकडे चित्रित करावेत, उदाहरणार्थ भाकरी थापणे किंवा सायकलचे पंक्चर काढणे. प्रत्येक तुकडा दहा सेकंदांचा असावा. पहिला लांबून, दुसरा जवळून, तिसरा केवळ हातांचा, चौथा करणाऱ्याच्या चेहऱ्याचा आणि पाचवा तयार वस्तूचा.

हे तुकडे सॉफ्टवेअरमध्ये आणून पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, म्हणजे टाइमलाइनवर, क्रमाने मांडावेत. प्रत्येक तुकड्याच्या प्रारंभीचा व शेवटचा हलणारा भाग कापावा. हातांचा तुकडा मध्ये घालून लांबचा तुकडा तोडावा. सहा ओळींचे निवेदन शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून चढवावे. आरंभी दोन्ही भाषांत शीर्षक द्यावे आणि चित्रफीत बाहेर काढावी. दोन तासांच्या आत हे सारे कोणाच्याही मदतीशिवाय जमले तर ते सॉफ्टवेअर त्या व्यक्तीस योग्य आहे. जमले नाही तर दुसरे घ्यावे. दुसऱ्या दिवशी तीच प्रकल्प-फाइल उघडून एक शब्द बदलून पाहावा. ही फेरतपासणी अनेकजण टाळतात, परंतु शाळेच्या कामात दुरुस्तीचे प्रसंग नेहमी येतात.

या धड्यात दोन अडचणी हमखास आढळतात. पहिली, संगणकावर आणलेल्या मोबाइल-चित्रणात ओठ व शब्द यांचा मेळ सुटणे. मोबाइल दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चौकटींची संख्या प्रकाशानुसार कमी-अधिक करतो, त्यामुळे असे घडते. शॉटकटसारखे सॉफ्टवेअर असे चित्रण ओळखून ते संकलनास सुलभ रूपात बदलण्याची सूचना करते, ती स्वीकारावी. दुसरी अडचण, दिव्याच्या उजेडात चित्र लुकलुकणे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो, आणि मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चौकटी टिपतो. दोहोंचा मेळ बसत नाही. मोबाइलमध्ये सोय असल्यास २५ किंवा ५० चौकटी निवडाव्यात. सोय नसल्यास दाराजवळ, दिवसाच्या उजेडात चित्रण करावे. कारागिराच्या हातांचे काम सूर्यप्रकाशात अधिक स्पष्टही दिसते.

भाषा, आवाज आणि संमती

चित्र थोडे अस्पष्ट असले तरी प्रेक्षक सहन करतो. आवाज अस्पष्ट असेल तर तो उठून जातो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये निवेदन, मूळ आवाज व संगीत यांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या असाव्यात आणि प्रत्येकीचा आवाज स्वतंत्रपणे कमी-अधिक करता यावा. सीमाभागाच्या दृष्टीने याचा आणखी एक लाभ आहे. चित्रांची मांडणी तीच ठेवून निवेदनाची पट्टी बदलली की त्याच चित्रफितीची मराठी व कन्नड अशी दोन रूपे तयार होतात. दुप्पट श्रम न करता दोन्ही माध्यमांच्या शाळांना ती उपयोगी पडते.

भाषेचा हा सेतू किती मोलाचा असतो, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे घडले. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड होती. प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली आणि क्यूआर कोडद्वारे त्यांना ध्वनिफिती व चित्रफितींची जोड दिली. या कार्याबद्दल त्यांना २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक लाभले. लहान गावातील शिक्षकाने तयार केलेले दृकश्राव्य साहित्य कोठवर पोहोचू शकते, हे त्यावरून दिसते.

काही सॉफ्टवेअर बोललेले ऐकून आपोआप उपशीर्षके लिहितात. ही सोय घ्यावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. निपाणी-चिकोडीकडील मराठीत कन्नड शब्द सहज मिसळतात आणि कारागिरांच्या धंद्याचे शब्द यंत्रास परके असतात. यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ ऐकून तपासावी. कारागिराचा शब्द बदलून पुस्तकी शब्द घालू नये. तो शब्द टिकविणे हाच चित्रफितीच्या हेतूंपैकी एक हेतू आहे.

चित्रपटांतील गाणी पार्श्वसंगीत म्हणून घेण्याचा मोह आवरावा. त्यांचे हक्क इतरांचे असतात आणि अशी चित्रफीत सार्वजनिक मंचावरून काढून टाकली जाऊ शकते. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहात वापरास मोकळे संगीत मिळते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हातोडीचा ठोका, चामडे कापल्याचा आवाज, बाजारातील गलबला हे मूळ आवाज राखणे. ज्यांचे चित्रण केले त्यांची संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी. तयार चित्रफीत प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित कारागिरास दाखवावी. त्याच्या धंद्यातील एखादी खुबी उघड करावी की नाही, हा निर्णय त्याचा असावा.

जतन

चित्रफीत तयार झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. निपाणीच्या ज्या लघुपटाचा उल्लेख वर आला, तो अनेक वर्षांनंतर बर्लिन येथील आर्सेनल या संस्थेने युगांतरच्या इतर लघुपटांसह डिजिटल रूपात पुनरुज्जीवित केला. मूळ सामग्री सांभाळून ठेवली गेली होती म्हणूनच हे शक्य झाले. शाळा व ग्रामपंचायतींनीही तोच कित्ता गिरवावा. मूळ चित्रण व तयार चित्रफीत यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. फाइलच्या नावातच गाव, विषय व दिनांक लिहावा. सोबत एका वहीत चित्रण कोणी केले, कोण बोलले, संमती केव्हा मिळाली व कोणते सॉफ्टवेअर वापरले, याची नोंद करावी.

चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो. म्हणून संकलनासाठी पाठवावयाचे चित्रण दस्तऐवज म्हणून पाठवावे किंवा केबलने थेट संगणकावर घ्यावे. प्रत तपासल्याखेरीज मोबाइलमधील मूळ चित्रण पुसू नये.

सारांश

सोपे सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या यंत्रावर चालणारे, वीज गेल्यास काम राखणारे, मराठी व कन्नड अक्षरे अचूक उमटविणारे, छुप्या अटी नसलेले आणि बंद पडले तरी आपले साहित्य अडवून न ठेवणारे सॉफ्टवेअर. मोबाइल असणाऱ्याने मोबाइलवरील एखादे अ‍ॅप घ्यावे. जुना संगणक असणाऱ्या शाळेने ओपनशॉट किंवा शॉटकट घ्यावे. विंडोज ११ व चांगले इंटरनेट असणाऱ्याने क्लिपचॅम्प वापरून पाहावे. एकदा निवड केल्यावर किमान तीन चित्रफिती पूर्ण होईपर्यंत साधन बदलू नये.

ज्या शाळांनी अद्याप प्रारंभ केलेला नाही त्यांनी पहिल्या चित्रफितीसाठी गावातील सर्वांत वृद्ध कारागीर, शेतकरी किंवा सुईण निवडावी. सॉफ्टवेअर पुढील वर्षीही मिळेल. त्या व्यक्तीचे हात आणि तिचा आवाज मात्र याच वर्षी टिपून घेतला पाहिजे.